पडली की साडी

रवि. ४ जाने.

आज तेजूला साडी मिळाली. जिंकल्याबद्दल नव्हे, पडल्याबद्दल.

माझी पुतणी सिनियर बास्केटबॉल टीममधून पहिल्यांदाच खेळत होती. वय एकोणीस. टीममध्ये सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत बुटकी. बॉल लाइनबाहेर चालला होता. दुसऱ्या कुठल्याही पोरीनं कमरेवर हात ठेवून जाऊ दिला असता. ही आडवी झेपावली, बॉल आत ढकलला आणि स्वतः सिमेंटवरून घसरत पंचांच्या टेबलाखाली गेली. कोपर सोललं. डावा गुडघा आपटला, तो आवाज मला चौथ्या ओळीत ऐकू आला. आणि लगेच माइकवाला, कुस्तीच्या मैदानात इनाम पुकारतात त्या सुरात : "वडगावच्या मागवाल्या मंडळींकडनं तेजस्विनीच्या उडीला एक साडीऽऽ!"

टाळ्या, शिट्ट्या. सगळ्यांत पुढं उभं राहून टाळ्या पिटणारा कोण? तर पोरीचा बाप, माझा धाकटा भाऊ महादू. ज्याच्या घरात दिवसभर माग साड्याच विणतात, त्या घरात पोरगी गुडघा फोडून साडी घेऊन गेली.

घरी येऊन बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. तावातावानं सांगितलं. ती म्हणाली, "रंग कुठला?"

ह्या घरात रागवायची सोय नाही.

मंगळ. ६ जाने.

शाळा सुटल्यावर वडगावला गेलो. माग चालू, त्यामुळं भांडणसुद्धा ओरडून करावं लागतं. त्याचा एक फायदा असा, की मनापासून ओरडता येतं.

मी : पोरीला आवर. अशी पडत राहिली तर गुडघा जाईल.

महादू : अण्णा, मातीत वाढलीय ती. आमच्या तालमीत माझ्याबरोबर यायची लहानपणी. पडायचं कसं ते मी शिकवलंय तिला. अंग सैल सोडायचं, खांदा आधी द्यायचा. पडायला भ्यालं की लागतंय.

मी : ती तांबडी माती होती रे. ताक, तेल, हळद घालून मळलेली. हे सिमेंट आहे!

महादू : पडनं ते पडनंच की.

महादूनं ऐन तारुण्यात पंचक्रोशीतली मैदानं मारली. त्याला एकदाही काही झालं नाही, म्हणून जगात कुणालाच काही होत नाही. महादूची बायको आतून चहा घेऊन आली. म्हणाली, "तुमी दोघंबी बोलूलालाय. तिला कुणी विचारलंय काय?" चहा चांगला होता. तेवढंच एक चांगलं झालं.

गुरु. ८ जाने.

सराव बघायला गेलो. कोच दुसऱ्या गावचा, कानडी माणूस. पोरींवर कानडीत ओरडतो, रागावला की हिंदीत, आणि समजूत घालायची असली की मराठीत. तेजू बॉलमागं धावली की "बिडबेड! बिडबेड!" म्हणजे सोडू नको, सोडू नको. तिला कशाला सांगायला पाहिजे? सोडायचं कसं ते तिला कुठं येतंय! सरावात, जिथं ना गुण ना प्रेक्षक, तिथंही दोनदा आडवी झाली.

कोचला बाजूला घेतलं. माझ्याशी तो मराठीत बोलला, म्हणजे समजूतच घालायची होती.

"सर, तिची उंची बघा. नेम बरा आहे, फार भारी नाही. हे जे वेड आहे ते काढून घेतलं तर तिच्याकडं राहिलं काय? नव्या पोरींत अशी भूक बघायला मिळत नाही."

भूक! हा शब्द हल्ली ज्यांची पोटं भरलेली असतात तेच जास्त वापरतात. उपाशी कोण, खाणार कोण, आणि वाढपी तर बाजूला शिट्टी गळ्यात घालून उभा.

शनि. १० जाने.

पिरनवाडीत आमच्या शाळेसमोरच्या टपरीवर आज ह्याच विषयावर परिसंवाद. एक म्हणतो, खेळाडूनं जीव टाकून खेळलंच पाहिजे. दुसरा म्हणतो, आजकालच्या पोरांना जरा खरचटलं की लगेच डॉक्टर. तिसऱ्याचा मेहुणा क्रिकेट खेळताना खांदा निखळून घरी बसलाय, म्हणून तिसरा विरोधात. तिघांपैकी एकाचाही बसमध्ये चढताना दांडा धरल्याशिवाय पाय उचलत नाही.

गुडघा तेजूचा, पण मत द्यायला सगळा गाव मोकळा.

घरी येऊन उद्याच्या पेपरातल्या माझ्या सदरासाठी लिहून टाकलं. एका बैठकीत. रागात माझं अक्षर सुधारतं.

रवि. ११ जाने.

सदर छापून आलं. 'पडावं तर असं!' ह्या मथळ्याखाली मी सुचवलं होतं की, आपल्या गावानं आता पडण्याला उत्तेजन द्यावं. रस्त्यातल्या खड्ड्यात पडणाऱ्याला फेटा, जिन्यावरून पडणाऱ्या म्हातारीला शाल, आणि बास्केटबॉलच्या पोरीला साडी. हाड मोडल्यास पैठणी. माइकवाल्याला कायमची नेमणूक. वाचणाऱ्याला लाज वाटावी म्हणून लिहिलं होतं.

सकाळपासून फोन. "सर, लई भारी लिवलासा! डोळ्यांत पाणी आलं बघा. पुतणीचं नाव काढलंसा!"

पहिल्याला समजावून सांगितलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला धन्यवाद म्हणालो आणि फोन बंद करून ठेवला.

महादूनं तर ते कापून काचेत घालायला दिलंय.

मंगळ. १३ जाने.

तेजू संध्याकाळी आमच्याकडं आली. वडगावला, स्वतःच्या घरी, गेली नाही. का ते चपला काढतानाच दिसलं. डावा पाय उंबऱ्यावरून उचलताना हातानं दाराची चौकट धरली. सुमननं विचारलं, "काय गं, लंगडूलालीस?" तर म्हणे, "न्हाय काकू, बूट चावला."

बुटानं गुडघ्याला चावा घेतलेला मी प्रथमच पाहिला. उजव्याच्या दीडपट झालाय. बर्फ लावून बसवली. कोचला सांगितलंस? नाही. बापाला? नाही. कुणालाच नाही, कारण २५ला निपाणीला मोठा सामना आहे.

मी एवढा ओरडलो की शेजारचे बघायला आले. ती बर्फाची पिशवी गुडघ्यावर फिरवत होती. सुमन माझ्यावरच खेकसली, "तिच्या गुडघ्यावर ओरडून सूज उतरनार हाय काय?"

बुध. १४ जाने.

संक्रांत. डॉक्टरांनी आधी तिळगूळ दिला, मग गुडघा दाबला. महादूला बोलावून घेतलं होतं. मागावरचा तसाच आला, केसांत सूत.

डॉक्टर म्हणाले, "सध्या तरी फाटलेलं काही वाटत नाही. गादीला मार बसलाय. तीन आठवडे सिमेंटवर उड्या नकोत. सूज उतरली नाही तर स्कॅन करू."

मी : आणि पुढं? ती अशीच खेळत राहिली तर?

"ते मला सांगता येणार नाही. अशी खेळून वर्षानुवर्षं टिकलेली माणसं बघितलीत. आणि नुसतं वळताना गुडघा गेलेलीही बघितलीत, ती तर पडलीसुद्धा नव्हती. धोका वाढतो एवढं नक्की. किती, ते ज्याचा त्याचा गुडघा ठरवतो."

महादूनं ऐकलं : फाटलेलं काही नाही. मी ऐकलं : उड्या नकोत. एकाच खोलीतून दोघं भाऊ दोन निदानं घेऊन बाहेर पडलो. रस्त्यावर त्यावरून जुंपली. तेजू आमच्या पुढं, हळूहळू, एक पाय जपत चालली होती. आमच्यापैकी कुणाच्याही बाजूची नसल्यासारखी.

शुक्र. १६ जाने.

तेजू पुन्हा आली, बर्फासाठी. आज ओरडलो नाही. म्हणजे सुरुवातीला नाही.

म्हटलं, जरा सांभाळून खेळलीस तर काय बिघडेल?

"काका, मी उबी राहून खेळले तर टीममध्ये मी कशाला? उबं राहून खेळनाऱ्या माज्यापेक्षा वीतभर उंच पोरी बाहेर वाट बघूलाल्यात."

"आणि गुडघा गेला म्हणजे?"

"तवाबी बाहेरच."

"त्या साडीसाठी स्वतःला असं..."

हे मी बोलायला नको होतं. तिनं असं पाहिलं की सुमननंही हातातली भाजी खाली ठेवली. "आईला म्हटलंय, ती साडी कुनालातरी देऊन टाक. मी साडीसाठी पडत न्हाय."

"मग कशासाठी?"

"बॉलसाठी."

एवढंच. जसं काही मी विचारलं होतं की माणूस पाणी कशासाठी पितो.

शेवटी एवढं कबूल केलं की, निपाणीला जाईल पण बेंचवर बसेल. घेतलंच आत तर झेपावणार नाही. शब्द दिला. हातावर हात मारून दिला. तो हातसुद्धा सोललेला.

बुध. २१ जाने.

कामासाठी निपाणीला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं फोटो पाठवला. स्टँडजवळ फ्लेक्स. तेजू हवेत आडवी, सिमेंटपासून हातभर वर. डोक्यावर ठळक अक्षरांत 'पडावं तर असं!' आणि खाली माझं नाव. चष्म्यासकट माझा फोटो.

आयोजकाला फोन केला. म्हटलं, ते उपरोधानं लिहिलंय, आजच्या आज उतरवा.

"सर, तुमचंच वाक्य हाय की. नाव बी जाडसर घातलंय."

"अहो, पडू नये म्हणून लिहिलंय ते!"

"आसूदे की सर. आता उतरवायचं म्हंजे... लोकं फोटो काढूलालेत तितं."

वीस वर्षं ह्या गावाला टोचतोय. कातडी एवढी जाड निघेल असं वाटलं नव्हतं. आता टोचलेलं अंगावर मिरवायलाही लागले. तेजूनं फ्लेक्सचा फोटो पाहिला असेल का, हे विचारायचं धाडस झालं नाही. पाहिलाच असणार.

रवि. २५ जाने.

निपाणी. महादू आणि मी एकाच बसनं.

तंबाखूच्या वखारीमागचं मैदान. सामना सुरू व्हायला वेळ होता, कोर्ट मोकळं. महादू चप्पल काढून आत शिरला. मला वाटलं, पोरीला भेटायला. पण तो लाइनीशी थांबला, वाकला आणि आखाड्यात उतरताना करतो तसा उजवा हात खाली लावून कपाळाकडं नेला. जुनी सवय. हात अर्ध्यावर थांबला. तळहात बघितला. माती लागलीच नव्हती. मग पुन्हा खाली बसला आणि अंगठा दाबून बघितला, माती किती मऊ मळलीय ते पैलवान बघतात तसा. दोनचार ठिकाणी दाबला. उठून माझ्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ अंगठा चोळत होता.

"अण्णा," म्हणाला, "ती न्हाय नव्हं पडायची आज?"

म्हटलं, शब्द दिलाय.

तीन डाव ती बेंचवर. गुडघ्याला पट्टा. टीम मागं पडत चालली तसा ओरडा सुरू, तेजूऽ तेजूऽ. चौथ्या डावात कोचनं घेतली. त्याच्याकडं बघून मी काय पुटपुटलो ते इथं लिहीत नाही.

आणि पोरगी शब्दाला जागली. उभी राहून खेळली. पास दिले, जागा धरली, दोन बॉल शेजारून गेले ते जाऊ दिले. बरं खेळली. कुणालाही आवडलं नाही. मागून एकजण : "काय गं, साडी नको झाली व्हय?" दुसरा : "फ्लेक्सवर पडलीय न्हवं, आता कशाला पडतीय!" हसले सगळे. मी उठून मागं वळलो. महादूनं शर्ट धरून खाली बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला भांडणातून ओढलं.

शेवटी दोन गुणांनी मागं. बॉल सुटला, उसळत आमच्याच बाजूच्या लाइनीकडं आला. तेजू त्याच्यामागं. तिचा चेहरा मला दिसला. त्या चेहऱ्यावर आम्ही कुणीच नव्हतो. ना कोच, ना माइकवाला, ना मी.

महादू ओरडला, "सोड गं पोरी! सोड!"

मी काय ओरडलो ते मला सांगता येत नाही. सगळे उभे होते. मीही होतो.

सोम. २६ जाने.

झेंडावंदन. भाषण मुख्याध्यापकांनी दुसऱ्याला द्यायला सांगितलं, माझा आवाज बसलाय. सुमननं विचारलं, "कुनावर एवडं ओरडलासा?" हातानं 'नंतर' अशी खूण केली.

आम्ही हरलो. कितीनं, ते लक्षात नाही.

मंगळ. २७ जाने.

सकाळी तेजूच्या गुडघ्याचं स्कॅन. रिपोर्ट संध्याकाळी म्हणाले, आता म्हणतात उद्या. महादू तिथंच बाकावर बसून आहे, माग आज बंद. फोन केला तर एवढंच म्हणाला, "अण्णा, पोरगी काठीचा टेकू घेऊन स्वतः आत गेली. मला हात लावू दिला न्हाय."

सदराचा मजकूर द्यायचा आहे. दोनदा बसलो. पहिल्या ओळीतच मथळा आठवतो.

दुपारी तेजूचा मेसेज : "काका तुमी लाइनीजवळच होता. बॉल आत राहिलता का? पंचांनी काय दिलं ते मला दिसलंच न्हाय."

राहिला होता. दीड बोट आत. आमच्याच पोरीच्या हातात गेला.

मेसेज उघडा आहे. 'राहिला' लिहितो आणि पुसतो.