वेलाखालचे भोपळे

मावशी,

हे पत्र टपालात टाकायचं धाडस मला होणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

त्या रविवारी शेत बघायला आलेल्या पोरांनी वेलाखालून भोपळे उचलले, ते माझे नव्हते. नांगर नको, फवारणी नको, नुसत्या पालापाचोळ्यावर सगळं पिकतं, असं मी जगभर मिरवत होते. माझे भोपळे फळमाशीने आतून सडवले होते. आणि माणसांना तर मी बोलावून बसले होते! मग सकाळीच बाजारातून भोपळे आणून वेलाखाली मांडले.

एकावर दुकानाचं स्टिकर राहिलं. ते नेमकं तुला दिसलं. तू ते नखाने खरवडून मुठीत घेतलंस आणि पोरांना म्हणालीस, "बघा रे, माझ्या भाचीच्या हाताला गुण आहे." उभ्या जन्मात खोटं न बोललेली तू! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी मी थांबले नाही. जो भोपळा चिरेल त्याने बिया घरी न्यायच्या, ही रीत माझीच. त्या बाजारच्या, संकरित भोपळ्याच्या बिया मी सगळ्यांच्या ओंजळीत घातल्या, तुझ्याही. लोक त्या पेरतील, वाट बघतील आणि धड फळ धरलं नाही तर आपल्याच हाताला बोल लावतील.

त्या रविवारी बिया घेऊन गेलेल्या शिंपीणबाईंचा आज फोन आला. "अहो, कोंब आलाय तुमच्या भोपळ्याला!"

मी म्हटलं, "येणारच. माझ्या मातीतलं बी आहे ते."

जिची तू लाज राखलीस, ती
तुझी भाची