पहिला भाग, शहापूरपर्यंत

भंडारा
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रुची,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडल्यापासून आजीचा गुडघा कुरकुरतो, पण कोणी विचारलं की ती म्हणते, "गुडघा मजेत आहे, मीच दुखून राहिली." आंधळगावहून नवे तांदूळ आलेत. भात अजून चिकट होतो, पण शिजताना घरभर वास सुटतो. तुझे वेगळे काढून ठेवलेत. तुझा खोकला गेला का? पुण्याला संध्याकाळी गार होतं म्हणतात, तो जाड स्वेटर नुसता खुंटीला लावून ठेवू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू भराभर बोलतेस आणि मी भराभर 'हो, हो' म्हणत जाते. व्हिडिओ कॉलवर तर तू माझा चेहरा तुझ्या जपानीच्या क्लासमधल्या पुस्तकासारखा वाचतेस. लिहिताना मला पाहिजे तिथे थांबता येतं. आत्ताच थांबले होते, चहा करून आले.

मागच्या रविवारी ते छत्रीवाल्या मालिकेचं बोलणं निघालं होतं. मी सहज बोलून गेले की छत्री नदीकाठच्या बाईचीच निघते. तू विचारलंस, "आई, तू पुढचं पाहिलं?" मी म्हटलं, "नाही गं, अंदाज." तू म्हणालीस, "तुझा अंदाज कधीपासून असा बरोबर येऊन राहिला?" आणि आपण स्वेटरवर बोललो.

तो अंदाज नव्हता, रुची. मी पुढचं पाहिलं.

आपला ठराव तुझ्याइतकाच मला पाठ आहे. कुठल्याही जपानी ॲनिमे मालिकेचा पहिला भाग जिनं तिनं आपापला बघायचा, आवडला तर बाकीचे भाग तुझ्या सुट्टीसाठी राखायचे, आणि खालची इंग्रजी अक्षरं तू मोठ्यानं मराठीत वाचायची. ती अक्षरं माझ्या डोळ्यांपुढून पळतात. एक वाक्य लावेपर्यंत दोन निघून गेलेली असतात. म्हणून तू गेल्यावर मी एकच पहिला भाग पुन्हा पुन्हा बघायचे, कळेपर्यंत. पहिल्या भागांच्या बाबतीत आता मी मोठी जाणकार झालेय. तो व्हॉलीबॉलवाला आठवतो? भाग संपत येईपर्यंत ती मुलगी बाहेर बसून सगळ्यांच्या बाटल्यांत पाणी भरते, मग चेंडू तिच्याकडे येतो, आणि तिथेच नावं सुरू होतात. तिनं तो अडवला की नाही, या विचारात मी अख्खा पावसाळा काढला.

आणि ती होडीची मालिका. वडील होडीत बसतात, हात हलवतात, मुलगी रागावलेली म्हणून वर बघत नाही. ते परत येणार नाहीत हे पाच मिनिटांत कळतं. तुझे बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी बंद करायला उठले, तर तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "बंद नको करू, गोष्ट तर आता कुठं सुरू झाली." केवढीशी होतीस. मी बसले, पण रडत बसले. तू वाचत राहिलीस.

बाबांच्या जागेवर मला फॅक्टरीत नोकरी लागली, तेव्हापासून भंडाऱ्याहून जवाहरनगरला जायची बस म्हणजेच माझं थेटर. एक भाग साधारण एका फेरीत होतो. खिडकीची जागा, कानात इयरफोनचं एक बोंडूक, मांडीवर डबा. असंच चाललं होतं. मग एक दिवस, तो छत्रीचाच पहिला भाग लावला होता, मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, थोडं थांबवा, माह्यं वाचून नाही झालं."

मी वळून म्हटलं, "माझंही नाही झालं."

ते कैलाश. आमच्या स्टोअरला आहेत, शहापूरला चढतात. आता गंमत बघ. शहापूर निम्म्या वाटेवर, म्हणजे बस तिथं येईपर्यंत अर्धा भाग होऊन गेलेला. मागून डोकावून बघणाऱ्या त्या माणसानं तोवर एकाही मालिकेची सुरुवात पाहिली नव्हती. मग आमचं असं ठरून गेलं की ते चढले की मी थांबवायची, आधी काय झालं ते सांगायचं, आणि तिथून पुढे ते वाचणार. पण ते तुझ्यासारखं वाचत नाहीत. ते आपल्या बोलीत वाचतात. छत्री दुरुस्त करणारा तो म्हातारा जपानीत काहीतरी फार गंभीर बोलतो, आणि हे वाचतात, "पोरी, हे छत्री कोनाची होय वं?" ती भिजलेली मुलगी मान खाली घालून म्हणते, "मले माहीत असतं त तुयाकडं कायले आली असती?"

मी हसले. मोठ्यानं, तोंडावर हातही न ठेवता. पुढच्या सीटवरचा नत्थू ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी हळू घ्या बावा, जपानवाले बोलून राहिले." खूप दिवसांत मी अशी हसले नव्हते. घरी येऊन आजीला ते दोन्ही आवाज काढून दाखवले, तर आजी पोळी लाटायची थांबली. म्हाताऱ्याच्या आवाजाकडे तिचं लक्षच नव्हतं, माझ्याकडे बघत होती.

पहिला भाग संपला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा लावायचा की नाही हा प्रश्न आला. आपला ठराव मी त्यांना सांगितला. ते म्हणाले, "पोरीचा शब्द आहे त नको पाहू." आणि खरंच आठवडाभर ते खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी मीच लावला. हे तुला नीट कळावं म्हणून लिहिते. त्यांनी नाही, मीच.

सगळी बस त्यांना कैलाशभाऊ म्हणते. मीही म्हणायचे. मग कधीतरी माझ्या तोंडून 'भाऊ' निघेनासं झालं. बसमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. आजीच्या आलं. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या कैलाशले घरी बोलाव. गाडीत हलते, वाचता येत नसन नीट."

ते आले. आजीनं त्यांना तिच्या लेकाच्या, बाबांच्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसवलं, मुद्दामच. त्यांनी आधी उठून फोटोला हात जोडले. मग छत्रीचा पहिला भाग अगदी सुरुवातीपासून लावला. पाऊस, बंद दुकान, दाराशी उभी मुलगी. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलं होतं तसंच आहे. फक्त पाऊस तुम्ही जास्त सांगितला होता." आजी म्हणाली, "ते सगळंच जास्त सांगते. तुले सवय होईन." मी आत जाऊन उगाच कुकर उघडला.

त्यांचं लग्न फार वर्षांपूर्वी मोडलं, रीतसर. मुलंबाळं नाहीत. शहापूरला भावाशेजारी राहतात. हे सगळं तू विचारशीलच, म्हणून लिहून टाकलं. अजून एक विचारशील आणि त्याचं उत्तर मला नीट देता येत नाही. बाबांची जागा कोणी घेत नाहीये. बाबा वाचूनही दाखवत नसत, तुला ठाऊक आहे, ते पाच मिनिटांत घोरायचे आणि मला तेही आवडायचं.

जानेवारीत, तुझी परीक्षा झाल्यावर, आम्ही विहारात लग्न करायचं म्हणतोय. मंडप, बँड काही नाही. आजी म्हणते, बुंदी पाहिजेच.

मी आधी लिहिलं होतं, 'तुझी परवानगी असेल तरच.' ते खोडलं. खरं नाही ते. तू नाही म्हणालीस तरी मी हे करीन असं मला वाटतं, आणि हे वाटणं माझं मलाच नवीन आहे. पण तू नाही म्हणालीस तर बुंदी मला गोड लागणार नाही, हेही तेवढंच खरं. रागावायचं असेल तर रागाव. मी तुझ्या जागी असते तर रागावले असते, आणि मग दोन दिवसांनी फोन करून आजीला हळूच विचारलं असतं, तो माणूस कसा आहे म्हणून. आजी तयारच बसली आहे.

छत्रीचा शेवटचा भाग आम्ही पाहिलेला नाही. आजी रोज म्हणते, लावा एकदाचा, म्हाताऱ्या माणसाचा काय भरवसा. कैलाश म्हणतात, "तो रुचिता वाचन." मी म्हटलं, ती पुस्तकी मराठीत वाचते, तुम्हाला मजा नाही येणार. ते म्हणाले, "तिच्या आईले येते ना, मंग झालं."

डिसेंबरात येशील तेव्हा बघू. दिवाणावर आजी पाय पसरून बसते, तिच्या आणि माझ्या मधे कोणाला बसू देत नाही मी. कैलाशही खुर्चीतच बसतात.

तुझी जागा धरून बसलेली,
आई