संयूचा ग्लास

१२ जानेवारी २०२५, रविवार

जिन परत आणायची नाही! एवढी महागाची बाटली, काकडीच्या पातळ चकत्या, लिंबू, बर्फ – आणि बाईसाहेबांनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. "अहो, हे खोकल्याचं औषध लागतंय." वर हसतेय! मी इकडं दोन तास व्हिडिओ बघून मापं लिहून घेतोय आणि हिला खोकला आठवतोय.

मग पांढरी रम काढली. तिला वास कमी. गूळ पाण्यात उकळून पाक केलेला होताच, त्यात आलं ठेचून, लिंबू पिळून, वरनं उसाचा रस. स्टीलच्या बरणीत बर्फाबरोबर घातलं आणि हात भरून येईपर्यंत हलवलं. ग्लास एका दमात संपला. "आता कसं!" म्हणाली. "आणखी एक करा की."

गूळ तिच्या भावाचा, गडमुडशिंगीच्या आण्णाचा. स्वतःचं गुऱ्हाळ, गळ्यात माळ, मटणाच्या ताटाशेजारी बसत नाही हा माणूस. त्याच्या गुळाचं आम्ही काय करतोय हे कळलं तर ढेप माझ्या टाळक्यात घालंल.

१९ जानेवारी, रविवार

संत्र्याची साल, चार लवंगा, दालचिनी व्होडकात पंधरा दिवस भिजत ठेवली होती. आज गाळली. कडू जहर. पण व्हिस्कीत चार थेंब टाकले की व्हिस्की एकदम शहाणी होते. संयूला व्हिस्की नको. तिला रमच, नाहीतर व्होडका.

हे सगळं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. मोना लग्न होऊन बंगळूरला गेली, कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीतली माझी फौंड्रीची नोकरी संपली, आणि घरात टीव्ही सोडून कुणी बोलेना. संयू स्वयंपाकघरात, मी बाहेर. एका संध्याकाळी मीच म्हटलं, एक घोट घेऊन बघ, मरत नाहीस. त्या दिवशी ती दोन तास बोलली! लग्नाला तीस वर्षं झाली, तिला नकला करता येतात हे मला तेव्हा कळलं.

खोटं कशाला लिहू – संध्याकाळी सात वाजायची मी वाट बघतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

रमची बाटली आठ दिवसांत संपली. पाहुणा नाही, रावळा नाही. मी दोनच्या वर जात नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

व्होडका मी फ्रीजरमध्ये ठेवतो. तो गोठत नाही, नुसता दाट होतो. आज बाटली काढली तर आत बर्फ. खडखडीत बर्फ! म्हणजे पाणी. आणि बाहेर मी मार्करनं केलेल्या खुणेपर्यंत बाटली बरोबर भरलेली. जेवढा काढला तेवढं नळाचं पाणी भरलेलं.

तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. कास्टिंगवर बोट फिरवून आत भोक कुठं आहे ते सांगायचो. घरातलं हे दिसलं नाही.

बाटली तिच्यासमोर ओट्यावर आपटली. "हे काय हाय?" आधी म्हणाली मला काय माहीत. मग खाली बसली. कधीपासून? दसऱ्यापासून. कधी घेतेस? "सकाळी उठल्या उठल्या एक लागतो हो. नाहीतर हात थरथरतात, चहा कपात पडत नाही." पुढं दुपारी, पुढं तुमच्याबरोबर, पुढं तुम्ही झोपल्यावर. सगळं एका सुरात सांगितलं, दूधवाल्याचा हिशोब द्यावा तसं.

मी ओरडलो. खालच्या मजल्यावर गेलं असणार. नको ते बोललो. तीही उसळली – "मला काय येत होतं? तुम्हीच शिकवलं की!"

 

मग तिनं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "आण्णाला कळता कामा नये. माहेरात शिंदळकी केली असती तरी त्यानं पोटात घातली असती, हे नाही घालणार. त्याला कळलं तर मी जगायची नाही. शपथ घ्या." घेतली.

१० फेब्रुवारी, सोमवार

पिणं बंद. सगळ्या बाटल्या लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या खिशात. बघतोच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नाही जमलं. काल रात्रीपासून घामानं गाऊन भिजलेला, उलट्या, हात असे हलत होते की पाण्याचा तांब्या धरवेना. दुपारी "अहो, छातीत काहीतरी उडतंय" म्हणाली आणि मी हादरलो. कपाट उघडलं, तीस मिली रम, लिंबू, साखर, पाजली. वीस मिनिटांत माणसात आली.

मोबाइलवर वाचलं. एकदम तोडलं तर जीवावर बेततं म्हणे. हळूहळू उतरवायचं, तेही डॉक्टरच्या हाताखाली. डॉक्टरकडं चल म्हटलं तर म्हणते, "कोल्हापुरात कुठल्या दवाखान्यात ओळखीचं माणूस बसलेलं नसतं, सांगा!" खरंच आहे. ह्या गावात सकाळी शिंकलं तर दुपारी चौकशीला येतात.

मग मीच करतो. मापं तर मला येतातच.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवसाला तीस मिलीचे आठ. पहिला सकाळी साडेसहाला. मोजपात्र डोळ्याच्या रेषेत धरून ओततो. तिला चव जड लागायला पाहिजे म्हणून आलं जास्त, गूळ जास्त, रम तेवढीच. पूर्वी छान लागावं म्हणून मिसळत होतो, आता कमी आहे हे कळू नये म्हणून मिसळतोय.

मी माझी सोडली. तिच्यासमोर बसून सोडा पितो. नकला बंद आहेत.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. गल्लीत सकाळपासनं आरडाओरडा, मटणाचा वास. आम्ही दार लावून.

पण सहावर आलोय! आठाचे सहा, महिन्याभरात. हात सकाळी हलतो, पण पोहे तिनंच केले. मीठ विसरली. मी तसेच वाटीभर खाल्ले. गणपतीपर्यंत शून्य करायचं, असं ठरवलं दोघांनी. तिनं माझ्या हातावर टाळीसुद्धा दिली.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी सव्वासहाला बाथरूममध्ये पडली. तिचा सकाळचा पहिला ग्लास बनवतच होतो मी, धाडकन आवाज आला. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन करावं लागणार.

ग्लास ओट्यावरच राहिला.

मी आण्णाला फोन केला, तो गडमुडशिंगीहून आमच्या ॲम्ब्युलन्सच्या आधी दवाखान्यात हजर. गाऊनची बाही नीट कर, चादर आण, डोकं उचल – सगळं तोच. बाईमाणसासारखं केलं त्यानं.

डॉक्टर मदिहा म्हणून एक तरुण मुलगी आहे, तिनं कागद भरून घेतले. साखर? नाही. बीपी? थोडं. "तंबाखू, दारू?" संयूनं डोळे मिटून घेतले. आण्णा पायथ्याशी उभा. मी म्हणालो, "हिला? छे! मी घेतो कधीमधी. लिहा माझं." आणि हसलो. हसलो मी!

१९ मार्च, बुधवार

संयूचे हात थरथरायला लागलेत. आण्णा म्हणतो, "दुखतंय तिला, दाजी. काय हाडाचं दुखणं म्हंजे." मी व्हय म्हणालो.

घरी आलो. शहाळ्याच्या पाण्याच्या बाटलीत रम घातली, चव कळू नये म्हणून लिंबू, साखर, चिमूटभर मीठ. आयुष्यात एवढ्या काळजीनं काही बनवलं नव्हतं. पिशवीत घालून घेऊन गेलो. आता आण्णाला खाली चहाला पाठवायचं, दोन मिनिटांचं काम.

तो गेला नाही. चहा नको, जेवण नको. घरी जाऊन अंघोळ तरी करून या म्हटलं. "न्हाय दाजी, हितंच बरा हाय." स्टुलावर बसून तिचा हात दोन्ही हातांनी दाबून धरलेला, हलू नये म्हणून. दुपारी एकपासून सातपर्यंत मी बाटली घेऊन जिन्यात वरखाली करत होतो. शेवटी नर्सनं विचारलं, काय आहे त्यात? शहाळं म्हटलं. "पेशंटला आता तोंडानं काही नाही, उद्या ऑपरेशन आहे."

बेसिनमध्ये ओतली.

२० मार्च, गुरुवार

ऑपरेशन पुढं ढकललं. नाडी फार पळतेय, ताप. संयू भिंतीवरच्या मुंग्या झटकतेय. भिंतीवर मुंगीसुद्धा नाही. मला मोना म्हणून हाक मारली. मधेच म्हणाली, "कपाट उघडा की हो." मोठ्यानं. दोनदा. आण्णा म्हणाला, साडी-बिडी पाहिजे असंल.

डॉक्टर मदिहा आली. डोळ्यांत बॅटरी मारली, हात बघितले, मग वळून सरळ माझ्याकडं. "काका, नीट आठवून सांगा. ह्या रोज काही घेत नव्हत्या ना? झोपेची गोळी, दारू, काहीही? सांगितलं तर बरं होईल. आम्ही कुणाला सांगत नाही."

कुणाला सांगत नाही! कॉटपाशी आण्णा. तो माझ्याकडं बघतोय. डोळा हलवत नाही. त्या गळ्यातल्या माळेकडं बघून मी म्हणालो, "नाही हो."

तिनं आणखी एक क्षण वाट बघितली. आण्णानं मान खाली घातली. ती निघून गेली.

मला सगळं माहीत होतं. फेब्रुवारीत वाचलंय, ओळ न ओळ. शपथ होती म्हणून, असं लिहून काढावं वाटतंय. पण शपथ निम्मीच. निम्मी लाज. लोक म्हणतील, ह्यानं बायकोला पाजली.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी फिट आली. दातांखाली जीभ, तोंडात रक्त, कॉट हलत होती. तिला आयसीयूत नेलं.

मी डॉक्टर मदिहाच्या मागं पळालो, केबिनचं दार लावून घेतलं आणि सांगितलं. आठाचे सहा, तीस मिली, शेवटचा सोमवारी रात्री. सगळी मापं सांगितली. ती लिहिता लिहिता थांबली. पेन ठेवलं. "काका, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्याच दिवशी औषध सुरू केलं असतं. आम्ही हे रोज करतो. रोज!" पोरगी माझ्या मोनाच्या वयाची. तिचे डोळे भरले होते.

आणि मी काय बोललो असेन? "तिच्या भावाला कळू देऊ नका."

२३ मार्च, रविवार

नळ्या. यंत्र. छातीत पाणी झालंय. मोना आली आहे, माझ्याशी नीट बोलत नाही, की मलाच तसं वाटतंय.

२४ मार्च, सोमवार

संयू गेली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

२६ मार्च, बुधवार

लोक येतात, बसतात, "खुब्याचं हाड म्हणजे वाईटच" म्हणतात. मी मान डोलवतो. ओट्यावरचा ग्लास मोनानं घासून फडताळात ठेवला.

३० मार्च, रविवार

पाडवा. गल्लीत गुढ्या. आपल्याकडं नाही.

लोखंडी कपाट उघडलं. बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. जिन निम्मी उरली होती. अंघोळीला गेलो तर मोरीला दवाखान्याचा वास. तिथंच बसून रडलो. माझ्या करमणुकीपायी मेली ती. एवढंच.

२ एप्रिल, बुधवार

आज दहावं. पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर पंधरा-वीस बसलेले, एक खाली येईना. मोनानं हात जोडले, बाबांना सांभाळते म्हणाली. मी जोडले. भावकीतली माणसं एकेक करून बोलून बघत होती. तास गेला.

मग आण्णा पुढं झाला. बंडीच्या खिशातनं कागदात गुंडाळलेली चपटी काढली. रमची. सगळ्यांदेखत द्रोणात ओतली, पिंडाशेजारी ठेवली आणि मागं सरला.  कावळा आला.

पायऱ्या चढताना मी त्याचा हात धरला.  तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाऊबिजंला आलती, तवाच वास आलता मला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं इचारलं, तवा जिभंवर आलतं. पण तुमच्या तोंडावर तुमची बायको पिती म्हणून कसं सांगू, दाजी? तुमची अब्रू जाईल म्हणून गप बसलो. मला वाटलं, तुम्ही डॉक्टरीणबाईला बाजूला घिऊन सांगितलं असंल."