आत्याने गिटार चकाचक केली

ता. ४ मार्च
ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.
तू डोळे दाखवायला येणार आणि मी नेमका गिटारच्या तारा आणायला बाहेरगावी. चावी शेजारच्या न्हाव्याकडे आहे. गप्पिष्ट आहे, जपून.

टेबलावर पिवळसर इलेक्ट्रिक गिटार दिसेल. मीच घडवली आणि मग जुनी दिसावी म्हणून किल्ल्यांच्या जुडग्याने बदडली, कानशीने कडा उडवल्या, व्हिनेगर लावून स्क्रूंना गंज आणला. हसू नकोस, हाच माझा धंदा. या वेळी मामला नाजूक आहे. एका बाईंच्या वडिलांनी जन्मभर वाजवलेली गिटार चोरीला गेली. आता वडिलांना विसरायला होतं. चोरी विसरले, गिटार नाही. कुणाशी बोलत नाहीत, दिवसभर तिच्यासाठी कपाटं उपसतात. जुन्या फोटोंवरून एकेक ओरखडा पाडलाय. त्यांचा अंगठा फिरून दांड्याची पाठ झिजली होती, तीही तशीच घासली. रविवारी गिटार त्यांच्या हातात द्यायची. परकी वाटली तर सगळंच मुसळ केरात.

हात लावू नकोस. कृपादृष्टी आहेच, ती डोळे तपासल्यावरही राहू दे.
तुझा, ठोक्या

ता. ८ मार्च
चि. ठोक्यास, अनेक आशीर्वाद.
डोळे ठणठणीत आहेत, म्हणूनच ती गिटार दिसली. अरे, पलंग-कपाटांना पॉलिश करण्यात जन्म गेला माझा. असलं अवलक्षणी लाकूड समोर असताना मला चहा गोड लागेना. लेक बापाला भेट देणार, तीही कुत्र्याने चावल्यासारखी? खड्डे भरले, रंग जुळवला, तुझंच पॉलिश चढवलं. गंज लिंबाने काढला. आता तीत बघून भांग पाडता येईल. दांड्याची पाठ तेवढी सोडली, ती आधीच लोण्यासारखी होती. न्हावीसुद्धा वा म्हणाला! आभार मानू नकोस, घरचंच काम.

माया ठेव आणि टेबल पुसत जा.
तुझी आत्या

ता. १० मार्च
आत्यास,
नमस्कार पुढच्या पत्रात, आत्ता हात जोडवत नाहीत. दार उघडलं आणि गिटारमध्ये आधी माझंच थोबाड दिसलं. हात लावू नकोस म्हणजे काय लाव असं वाचलंस का गं? उद्या रविवार. घाईत पाडलेला ओरखडा लगेच खोटा दिसतो, त्यामुळे पुन्हा बदडताही येत नाही. बाईंना काय तोंड दाखवू? आजोबा कपाटं उपसत राहतील आणि ते पाप आपल्या दोघांच्या माथी. न्हाव्याशीही अबोला धरलाय.

लोभ तूर्त बंद.
ठोक्या

ता. १२ मार्च
ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि., मागच्या पत्रातला नमस्कार धरून दोन.
बाईंना सगळं सांगितलं. त्या रडवेल्या झाल्या, तरी बघू तर म्हणाल्या. आजोबांच्या मांडीवर गिटार ठेवली. त्यांनी ही कुणाची म्हणून विचारलं आणि बाजूला सारली. ती घसरायला लागली तसा त्यांनी दांडा धरला. अंगठा पाठीवरून फिरला, थांबला, परत फिरला.

आणि मग म्हातारा असा भडकला म्हणून सांगू! माझ्या गिटारला पॉलिश करणारं गाढव कोण, म्हणून घर डोक्यावर घेतलं. कुठला ओरखडा कुठे होता ते बोट ठेवून सांगितलं, आणि दर ओरखड्याला नवी शिवी. बाई दाराला टेकून रडत होत्या, हसत होत्या. कित्येक महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते. मी तुझं नाव सांगून मोकळा झालो. त्या गाढवाला समोर उभं करा म्हणतात.

येशील ना? राग गेला, लोभ दुप्पट झालाय.
तुझा, ठोक्या

ता. १५ मार्च
चि. ठोक्यास, अनेक आशीर्वाद.
सोमवारी येते. मान खाली घालून सगळ्या शिव्या ऐकेन, ते मध्ये थांबले तर आणखी काय काय बिघडवलं ते विचारेन. बाईंना म्हणावं, काळजी करू नका. दुसऱ्या दिवशी ते विसरले, तर पुन्हा जाऊन उभी राहीन आणि सांगेन, आजोबा, मीच ते गाढव.
तुझी आत्या