आतल्या बाजूचा कडक तुकडा

आई, आज पाय इतके भरून आलेत की स्वतःपुरता चहा टाकायचाही कंटाळा आलाय. दवाखान्यात सकाळपासून लोकांची पावलं तपासतेय. जो तो बूट हातात घेऊन येतो, अंगठ्याने तळ दाबून दाखवतो आणि म्हणतो, "मॅडम, बघा ना किती सॉफ्ट आहे, तरी गुडघा दुखतोच." मेल्या, म्हणूनच दुखतो, असं अगदी ओठावर येतं. मग गिळते आणि समजावत बसते, की बुटाचं वरचं कापड दिसतं, खालचं रबर दिसतं, पण खरा खेळ मधल्या थराचा. तो फार मऊ असला की पाऊल त्यात रुततं, ज्याचं मुळात आत कलतं त्याचं आणखी कलतं, त्याच्याबरोबर नडगी फिरते आणि मग गुडघा. दिवसातून दहा वेळा हेच बोलायचं. दमले गं मी.

तू तुर्भ्याच्या बुटांच्या कारखान्यात पेस्टिंगला होतीस. दिवसभर ब्रशने सोल्यूशन लावायचं आणि थरावर थर चिकटवायचे. तुझ्या हातांना तो वास कायमचा होता, भाकरीलासुद्धा लागायचा, आणि मी नाक मुरडलं की तू म्हणायचीस, "ह्याच वासावर शाळा चाललीय तुझी, खा गुमान." मी तेव्हा नववीत होते आणि पळत होते. नव्या सेक्टरांचे रस्ते आखलेले होते पण बिल्डिंगी अजून उठायच्या होत्या, त्यामुळे सकाळी सगळा डांबरी रस्ता माझ्या एकटीचा. एका रविवारी तू माझ्या चपला उलट्या करून बघत बसलीस. दोन्ही आतल्या बाजूनेच झिजलेल्या. मग स्वयंपाकाच्या ओट्याखालची परात ओढलीस, त्यात पाणी घेतलंस, माझे पाय बुडवलेस आणि मला पेपरावर उभं केलंस. अख्खा तळवा उमटला, मधे कमान म्हणून नाहीच. "बघ," तू म्हणालीस, "पाऊल आत पडतंय तुझं. आमी एवढे बूट चिकटवतो, दोन्ही बाजूला सारखाच स्पंज घालतो. माणसाचं पाऊल कुठं दोन्ही बाजूला सारखं असतं?"

सुपरवायझरला विचारून तू रिजेक्ट मालातला एक जोड आणलास. मधला थर उघडलास, टाचेच्या आतल्या बाजूला स्पंज कापून तिथे कडक रबराचा तुकडा बसवलास, बाहेरची बाजू मऊच ठेवलीस. मग मला गॅलरीत पुढेमागे चालायला लावून मागे उकिडवी बसून टाचा बघत राहिलीस. "आता कशी सरळ पडतेय!" केवढी खूश झालीस. सुपरवायझरनेही तो जोड बघितला. "बाई, हे तुमी डोक्याने केलं? असे अजून दोन जोड करा, मी वर दाखवतो. सॅम्पल खात्यात घेतील तुम्हाला." सॅम्पल खातं म्हणजे खुर्चीवर बसून काम, सोल्यूशनचा वास नाही. त्या रात्री तू जेवताना दोनदा हसलीस, उगाचच.

आणि मी काय केलं? वर्गातली एक फ्लॅटवाली मुलगी दुकानातले बूट घालून यायची, गुबगुबीत, उशीसारखे. तिने माझ्या बुटात हात घातला आणि म्हणाली, "शी, हा तर आतून दगड आहे!" बस्स. तू पाळीवर गेल्यावर मी ब्लेडने बाजूची शिवण उसवली, तुझा तुकडा काढून गटारात टाकला आणि गादीतला स्पंज कोंबून तुझ्याच डब्यातल्या सोल्यूशनने वरून छान चिकटवलं. वरून कीर्तन, आतून तमाशा. बूट गुबगुबीत झाले, मी हवेत. दोन आठवड्यांत नडगी ठणकायला लागली, तरी पळत राहिले, कारण जिल्ह्याची निवड जवळ आली होती. निवडीच्या दिवशी तिसऱ्या फेरीत खालीच बसले. हाडाला बारीक चीर होती.

डॉक्टरांनी बूट कसले म्हणून विचारलं. तू पिशवीतून काढून पुढे धरलेस. "मीच केले डॉक्टर. माझं काय चुकलं?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं गं मला, आणि मी म्हणाले, "आतून कडक होतं. टोचायचं."

घरी येऊन तू बूट पेटत्या बंबात घातलेस, उघडून बघितलेही नाहीस. मी प्लास्टरचा पाय पाटावर ठेवून बघत होते. उघडले असतेस तर एका नजरेत कळलं असतं तुला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला सांगून आलीस, "नको साहेब, माझ्याच पोरीचा पाय मोडला त्याने. आपली अक्कल पेस्टिंगपुरतीच." त्यांनी परत विचारलं नाही. कारखाना बंद पडेपर्यंत तू ब्रशच फिरवत राहिलीस. शेवटी शेवटी खोकला आला की मला वाटायचं, आता सांगू. पण तू पाणी मागायचीस, मी पाणी द्यायचे, आणि वेळ निघून जायची. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मनाला समजवायचे. खोटं. त्रास मला नको होता.

तुझं बरोबर होतं, आई. पुढे मी शिकले, पुस्तकात आकृती होती, टाचेच्या आतल्या बाजूला कडक भाग, अगदी तू बसवला होतास तसा. पान उघडं ठेवून मी तशीच बसून राहिले होते.

आता हे पत्र कुठे टाकायचं? तू नाहीस, आपली चाळही पाडली. ड्रॉवरमध्ये बिलांखाली राहील. तरी एक सांगायचंय. परवा नवीन लागलेल्या मुलीने एका पेशंटची टाच बघताना विचारलं, "मॅडम, चपलेच्या झिजण्यावरून तुम्ही किती पटकन ओळखता, कुणी शिकवलं?" पेशंट समोर होता, घाई होती, आणि तुझं नाव घेतलं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

मी म्हणाले, "कोर्समध्ये असतं ते."