तिच्या हातातला माझा हात

रविवार, १४ सप्टेंबर २०२५. कुपवाड.

एकही खिळा न मारता जोडलेलं सागवानी कपाट. आईची काठी, तिची मूठ आईच्याच पंजाच्या मापाची. मुलीचा पाळणा. सहा पटाश्यांच्या बाभळीच्या मुठी. आणि पंपांचे, झडपांचे लाकडी नमुने, दोनशे चौदा; ते वाळूत दाबून साचा काढतात आणि त्यात लोखंड ओततात. सगळं माझ्या हातचं. शाळा सातवीपर्यंत, उस्ताद कुणी नाही.

आज खंडाळ्याहून टेम्पो भरून आलो. ओतकामाच्या कारखान्याचे मालक नानासो यांनी शेडला लागूनच दोन खोल्या दिल्या आहेत. उजेड उत्तम. कामाचा बाक पाणसळ लावून तपासला, केसभर फरक नाही. बायको, संयोगिता, म्हणाली, आवं, हितं बरं वाटंल तुमास्नी. माझ्या दुखण्याचं इथं कुणाला कळता कामा नये, असं तिला बजावलं.

२२ सप्टेंबर

उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत बोटं मिटत नाहीत. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हा संधिवात निराळा; यात शरीर आपल्याच सांध्यांना वैरी समजून त्यांच्यावर तुटून पडतं. गोळ्या चालू ठेवा, मन शांत ठेवा. गोळ्या चालू आहेत.

माझ्या शर्टाची बटणं संयोगिता लावते. मग भाकऱ्या थापायला बसते. बोटं पसरलेली, मनगट वेताच्या छडीसारखं. सत्तेचाळीस वर्षांचे हात, एक दिवस दुखले नाहीत. ती थापथाप ऐकवत नाही, आणि तरी शेवटची भाकरी तव्यावर पडेपर्यंत मी तिथून हलत नाही.

आठ ते साडेनऊ शेडमध्ये नुसती मापं घेत राहतो. कामगारांना वाटतं, मिस्त्री लय बारकाईचा गडी हाय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारं पुजली. पूजा झाली की मिस्त्रीनं नव्या लाकडावर पहिला काप घ्यायचा, ही या शेडची रीत. वेळ सकाळी आठची. पटाशी उचलायला गेलो आणि मूठ आवळेना. सगळे बघत होते. माझी पटाशी मी आजवर कुणाच्या हाती दिलेली नाही. पण दुखण्याचं सांगणं त्याहून जिवावर आलं. म्हटलं, यंदा घरच्या लक्ष्मीच्या हातनं होऊ दे. पटाशी तिच्या हाती दिली, वर माझा हात ठेवला.

एकच काप. आरशासारखा.

तिनं जन्मात पटाशी धरलेली नाही. आणि मी जोर दिला नव्हता. अर्जुना ओतारी ओरडला, "वैनी, हात तर मिस्त्रीचाच हाय की!" सगळे हसले. मीही हसलो.

६ ऑक्टोबर

आज बारा वाजले तरी बोटं मिटली नाहीत. दार लावून झडपेचा नमुना तिच्याकडून करून घेतला. मी एकेक पायरी सांगणार होतो. तिनं विचारलंच नाही. लोखंड निवताना आकसतं, म्हणून नमुना फुटामागं सूतभर थोरला धरायचा. नजरेनं हे जमायला मला अकरा वर्षं लागली. तिनं न मोजता धरला. मी नंतर मोजला. बरोबर.

काम करताना करंगळी वर उचलते. ती माझी खोड.

कुठं शिकलीस, विचारलं. म्हणाली, हाताला ठावं हाय, मला न्हाई.

९ ऑक्टोबर

पटाश्या कुलपात ठेवल्या. तिनं भाजीच्या सुरीनं काप घेतला. तोही आरशासारखा.

आज भाकरी तिला थापता आली नाही. तीनदा मोडली. मिस्त्रीला कुठं येते भाकरी! माझं कसब सगळं तिकडं गेलं. दुखणं तेवढं माझ्याकडं ठेवलं.

नानासो नमुना बघून म्हणाले, मिस्त्री, असं काम तुमीबी कवा केलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

देवाजवळ मागितलं – तिचे सांधे सुजू देत. एकदाच.

सकाळी उठलो तर डावं मनगटही सुजलेलं – माझंच.

दुपारी बाकाचा, लाकूड आवळून धरायचा शिकंजा उघडा होता. तिचा हात आत – फळी बसवत होती. दांडा एकदा फिरवला असता तर – फिरवायला मूठ लागते. मूठ मिटली नाही.

तिनं बघितलं. जवळ आली, माझं सुटलेलं बटण लावलं.

१५ ऑक्टोबर

पेन धरवत नाही. मी सांगतो, ती लिहिते. अक्षर – माझं. तसंच डावीकडं कललेलं.

थांब म्हटलं. थांबली नाही.

आता तोंड मिटून बसलोय. तरी लिहिलं जातंय – हेसुद्धा –

सकाळी नानासो कराराचा कागद घेऊन आले होते; काम कुणाच्या हातचं, ते त्यांनी ओळखलेलं. मी नुसतं खुर्चीत बसायचं, काम वैनी करतील, नाव माझं राहील. महिन्याला पंचावन्न हजार. मी नाही म्हणालो. पंचावन्न हजार, आणि मी तोंडावर नाही म्हणालो. कागदावर सही झालेली आहे. माझीच. मी तर हात अजून उचललाही –