तुपाचा नियम रद्द

मी, गुणाकर त्र्यंबक मुळमुळे, निवृत्त पेशकार, राहणार बालाघाट, शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. डोक्यात गाठ असलेल्याने असे म्हटले तर वकील हसतील, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा शब्द अडेल तेथे लिहिणाऱ्याने जागा सोडावी, पदरचा शब्द घालू नये.

१. राहते घर पत्नी शांताबाई हिचे, तिच्यामागे मुलगा शरदचंद्र याचे. मुंबईच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी शरदने ते विकायला काढू नये. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते हे मला कोणी शिकवू नये, तरी लिहितो. नागपूरला कवटी उघडून गाठ काढली, कोबाल्टचे किरण दिले. मुळे राहिलीच. पुन्हा कापले तर उरलेले बोलणेही जाईल, असे डॉक्टरच म्हणाले.

२. चुलतभाऊ दादाजी, राहणार तिरोडी, याला काही देऊ नये. माझा तोल जाऊ लागला तेव्हा मी दारू पितो असे तो गावभर सांगत फिरला.

३. चांदीची ........, जिच्यात तूप असते ती, सून उमा हिला. कचेरीत दिवसभर हिंदी, म्हणून घरात माझा कायदा होता: जेवताना हिंदी शब्द काढील त्याच्या भातावर तूप नाही. पुढे मीच ‘चाबी’, ‘चम्मच’ म्हणू लागलो. उमाने हसत माझे तूप बंद केले. मी ताट ढकलले. शांता म्हणाली, “काहून चिडता जी? तुम्हीबी आता बालाघाटचे झाले!” सगळे हसले. शब्द मरत होते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

नागपूरला डॉक्टरांनी किल्ली दाखवून नाव विचारले. तोवर मला चाबीही आठवेना. मग मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून फोटो काढले, त्यांत गाठ दिसली. “पूर्वी हे माणूस गेल्यावरच कळायचं,” ते म्हणाले. “बोलणं कधीपासून अडतंय?” उमा रडू लागली. पोरी, तुझ्यावर माझा राग नाही.

४. कपालक्रिया शरदने करू नये. माझी कवटी एकदा फोडून झाली आहे.

५. तुपाचा नियम आजपासून रद्द, मेल्यावर नव्हे. शेवटी मी काय मागेन, कोणत्या भाषेत, देव जाणे. मी तोंडाकडे बोट नेले तर पाणी द्यावे. त्याचे नाव विचारू नये.

उजवा हात चालत नाही, म्हणून डाव्या अंगठ्याची निशाणी.

साक्षीदार: डॉ. प्रेमलाल बिसेन, दुलीचंद जैन, शेजारी
लिहिणार: वसंता वाघमारे, अर्जनवीस. मोकळी जागा सांगणाऱ्याच्या हुकमाने सोडली आहे.
बालाघाट, ९ फेब्रुवारी १९७२